कोरडं वजन

आमचं धुलाईचं दुकान आहे. पुढे काउंटर, मागे मशिनं, त्यांच्या मागे सुकवायची खोली आणि वरच्या मजल्यावर आम्ही तिघं. गिऱ्हाईक गाठोडं आणतं, आम्ही ते काट्यावर ठेवतो आणि किलोचा दर लावतो. यात एकच गोम आहे, ओलं कापड जड भरतं. लोक दमट टॉवेल तसेच कोंबून आणतात आणि वर माझ्याशीच हुज्जत घालतात, की बाई, घरी मोजलं तेव्हा एवढं नव्हतं. म्हणून मी नियमच केलाय, आधी सुकवायचं आणि मग तोलायचं. कोरडं वजन तेच खरं वजन. हे मी दिवसातून इतक्या वेळा बोलते की झोपेतही बडबडत असेन.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जो शहाणपणा पाजळला तो याच दुकानातून आला. दुसऱ्या कुठल्या आईच्या डोक्यात असलं काही आलं नसतं.

मुलगी सोळा वर्षांची आहे. दिवस भरायच्या आत जन्मली, तळहातावर मावेल एवढी, म्हणून तिला इटुकली म्हणायचो, त्याचं इटू झालं. आता रस्त्यात तिला इटू म्हणून हाक मारली की माणसं वळून बघतात आणि तोंडावर हात ठेवून हसतात. अस्सा राग येतो, एकेकाच्या कानाखाली काढावीशी वाटते. पण हसणाऱ्यांना बोलून काय उपयोग? अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ठेवतात त्या काचेच्या पेटीतून ती बाहेर आली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, हिचं वजन वाढलं पाहिजे. मी वाढवायला लागले. पुढे मला कुणी 'आता पुरे' म्हटलं नाही आणि माझं मला सुचलं नाही.

या वर्षी ती वर्गात बसल्या बसल्या झोपायला लागली. रात्री घोरता घोरता तिचा श्वास मधेच अडकायचा, मग दचकून उठायची. शाळेतल्या नर्सबाईंनी चिठ्ठी दिली आणि आम्ही मोठ्या इस्पितळात गेलो. तिथे लठ्ठ मुलांसाठी वेगळा विभाग आहे हेच मला ठाऊक नव्हतं. बाहेरच्या खुर्च्या रुंद होत्या आणि त्यांना हात नव्हते. इटू कुठेही बसायच्या आधी खुर्चीला एकदा चाचपून बघते, तिथे मात्र ती न बघता बसली. ते पाहून मला एकदम हुंदका आला, तो मी खोकल्यात लपवला.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्याहून लहान, बोलायला मऊ. त्यांनी आधी इटूची मान पाहिली. मानेच्या वळीत काळा पट्टा होता. मी घाईघाईनं म्हटलं, "रोज घासते हो मी. मेला निघतच नाही."

डाग काढणं माझा धंदा. त्या मानेवर मी काय काय लावून पाहिलं ते विचारू नका.

"आई, हा मळ नाही," बाई म्हणाल्या. "शरीरातला साखरेचा कारभार बिघडला की कातडी अशी काळवंडते. आतून बरं वाटायला लागलं की आपोआप फिकी होईल. घासू नका, दुखतं तिला."

इटू खाली मान घालून बसली होती. वर्षभर मी खरवडत होते आणि पोरगी एकदाही म्हणाली नव्हती, आई, दुखतंय.

मग तिला चरबी मोजायच्या मशीनवर उभं केलं. हे काम करणाऱ्या मुलीला सगळे मापवाली ताई म्हणतात. भारी बडबडी. मोजे काढ, बांगडी काढ, इथे पाय ठेव, हे दांडे धर, आता पुतळा हो बघू. पायाखाली धातूच्या पट्ट्या, हातात धातूचे दांडे. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "साध्या काट्याला काय, चरबी काय नि हाड काय, सगळं सारखंच. हे मशीन अंगातून इवलासा करंट सोडतं. पाण्यातून तो सुळकन जातो, चरबीत अडखळतो. किती अडखळला त्यावरून चरबी किती ते कळतं."

मी मोठी मान डोलावली. ऐकलं कुणी? माझे डोळे त्या पडद्यावरच्या किलोच्या आकड्याला चिकटले होते. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या लेकीला काट्यावर चढवून आकडा मोठ्यानं वाचला होता.

बाईंनी उपचार समजावले. आठवड्याला एक इंजेक्शन, त्यानं भूक आटोक्यात येते. त्याच्या जोडीला जेवणाचं वेळापत्रक, चालणं, झोपेत श्वास चालू राहावा म्हणून नाकावर लावायचं यंत्र. "पण इस्पितळाला ही इंजेक्शनं मोजकीच मिळतात," त्या म्हणाल्या. "तीन महिन्यांनी पुन्हा मोजू. चरबी उतरताना दिसली तर पुढे चालू ठेवू. औषध लागूच पडलं नाही, तर पोट लहान करायच्या ऑपरेशनबद्दल सर्जनशी बोलावं लागेल. तेही वाईट नाही, पण त्याची वेळ आली तर."

मी फक्त ऑपरेशन एवढंच ऐकलं. काचेच्या पेटीतून आणलेली पोर, तिचं पोट कापायचं? त्या दिवसापासून मला एकच दिसत होतं, तीन महिन्यांनंतरचा तो आकडा.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप लावलं. इटूचे बाबा म्हणाले, "अगं, पोरगी आहे ती आपली, चोर नाही."

"तुम्ही गप्प बसा. तुमच्याच लाडानं झालंय हे."

ते गप्प बसले. त्यांचा तोच एक गुण आहे आणि तोच दोष.

इटूनं सगळं निमूट केलं. इंजेक्शन स्वतःच टोचून घ्यायची, पोटावर चिमूट धरून, डोळे मिटून. सुरुवातीला मळमळायचं, तोंड पांढरं पडायचं, तरी सकाळी चालायला जायची. मला मात्र संशयानं पछाडलं होतं. एकदा कुलूप लावायचं राहिलं आणि बिस्किटांचा नवाकोरा पुडा जागेवर दिसला नाही. मी तिला समोर उभी केली.

"खाल्लास ना?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही आई."

"माझ्या डोळ्यांत बघून सांग. तुझ्यासाठी मी रक्ताचं पाणी करतेय आणि तू चोरून खातेस?"

"नाही खाल्लं गं."

"मग काय पुड्याला पाय फुटले?"

तिनं कपाटाच्या कुलपाकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो. खाल्लं."

"बघा!" मी तिच्या बाबांना म्हटलं. "मी म्हणत नव्हते?" आणि खोटं कशाला बोलू, मला तेव्हा आतून बरं वाटलं. आपलं खरं ठरल्याचं समाधान असतं ना, तसलं.

तीन महिने होत आले. आमच्या घरच्या काट्याचा आकडा उतरला होता, पण मला हवा तेवढा नाही. मापाच्या आदल्या संध्याकाळी मी दुकानात एका बाईशी ओल्या चादरींवरून भांडत होते. भांडता भांडता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं बाई, माणसाच्या अंगातही पाणीच की! तेवढं काढलं तर?

इटूचे बाबा कपडे पोचवायला गेले होते. मी तिला सुकवायच्या खोलीत स्टुलावर बसवलं. मशिनं चालू, भिंती तापलेल्या. अंगात तिच्या बाबांचं जाड स्वेटर घातलं. जेवायला एक उकडलेलं अंडं दिलं आणि पाणी बंद.

"आई, खूप उकडतंय."

"उकडू दे. उकडायलाच बसवलंय."

थोड्या वेळानं म्हणाली, "एक घोट घेऊ? जीभ चिकटतेय."

"उद्या माप झालं की हंडाभर पी. एका रात्रीनं कुणी मरत नाही."

असं मी बोलले. याच तोंडानं. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि मी तो बघून मनातल्या मनात ग्रॅम मोजत होते.

सकाळी इस्पितळात तिचे ओठ सुकलेले होते. मी म्हटलं, जीभ फिरव ओठांवर. मापवाली ताई हसतमुख, "ये गं, पुतळा हो." काट्यानं आकडा दाखवला आणि मी उड्या मारायची बाकी राहिले. चांगले दोन-अडीच किलो कमी, आदल्या दिवशीच्या घरच्या काट्यापेक्षा! ताई मात्र पडद्याकडे बघून गप्प झाली. तिनं दांडे पुसले, पुन्हा धरायला लावले, पुन्हा बघितलं. मग कागद छापून डॉक्टरीणबाईंकडे पाठवला आणि आम्हाला आत जायला सांगितलं.

बाईंनी कागद दोनदा वाचला. "वजन उतरलंय," त्या म्हणाल्या. "पण चरबीचा वाटा वाढलेला दिसतोय. असं व्हायला नको." मग त्यांनी खुर्ची इटूच्या जवळ ओढली. "इटू, मी रागावणार नाही हं. मला फक्त नीट कळायला हवं. दिवसभर उपाशी राहून मधेच काही गोडधोड खाणं होतं का? असं बऱ्याच मुलांचं होतं."

इटूनं माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग म्हणाली, "हो."

"किती वेळा?"

"बऱ्याचदा. चोरून."

आणि मी काय करावं? मी तोंड आवरावं की नाही? "बघा बाई! मी डोळ्यांत तेल घालून राखण करते, कपाटाला कुलूप लावते, आणि ही! काय करायचं या पोरीचं? माझी सगळी मेहनत मातीत घातली हिनं!"

इटू हात मांडीखाली दाबून बसली होती. बाईंनी हात वर करून मला थांबवलं आणि तिला म्हणाल्या, "खरं सांगितलंस, बरं केलंस. पण मग औषध हवं तसं लागू पडत नाहीये. मला वाटतं आपण इंजेक्शन थांबवून सर्जनना एकदा भेटू या."

इटूचं तोंड एवढंसं झालं, तरी तिनं मान हलवली. हो म्हणून.

तेवढ्यात मापवाली ताई दारात आली. "मॅडम, एक सांगायचं होतं. मशीन अंगातलं पाणी फारच कमी दाखवतंय. मी दोनदा बघितलं. पाणी कमी असलं तर करंट अडखळतो आणि मशीन त्याला चरबी समजतं. हिनं सकाळपासून पाणी प्यायलंय का?"

करंट. पाण्यातून सुळकन, चरबीत अडखळतो. हे मला सांगितलं होतं. याच मुलीनं, याच मशीनपाशी, आणि मी नंदीबैलासारखी मान हलवली होती.

बाईंनी इटूला विचारलं, "पाणी नाही प्यायलीस?"

"तहान नव्हती," इटू म्हणाली. पटकन म्हणाली. आणि यावेळी तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आदल्या संध्याकाळी जी घोटभर पाण्यासाठी विनवत होती तिला म्हणे तहान नव्हती. पोरगी मला झाकत होती. मला! मी तिला परक्यांसमोर चोर ठरवून दोन मिनिटंही झाली नव्हती.

तरी तोंड उघडेना. गिऱ्हाइकांशी भांडताना धडाधडा सुटणारी ही जीभ, टाळूला चिकटली. बाहेर कुणाचं तरी बाळ रडत होतं, बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. गप्प राहिले असते तर निभावलंही असतं. हा विचार माझ्या मनात आला, हेही सांगून टाकते.

"मी सुकवलं तिला," मी म्हटलं.

"सुकवलं म्हणजे?"

"आमच्या दुकानात कपडे सुकवायची खोली आहे. गरम. त्यात बसवलं काल, स्वेटर घालून. पाणी दिलं नाही. मागत होती, तरी दिलं नाही. आकडा कमी यावा म्हणून."

मला वाटलं बाई आता मला फाडून खातील. खाल्लं असतं तर फार बरं झालं असतं. त्या उठल्या, इटूची नाडी पाहिली, तिला आडवं करून आणि मग उभं करून रक्तदाब मोजला, उभं राहताना ती डुलली तेव्हा तिला धरलं. रक्त काढायला सांगितलं. ताईनं पाणी आणलं. मग बाई माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "आई, या औषधावर असताना पाणी फार कमी पडलं तर मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. पुन्हा कधीही करू नका." आणि मग, "सर्जनचं राहू दे तूर्त. पुढच्या आठवड्यात व्यवस्थित पाणी पिऊन, नेहमीसारखं जेवून या. पुन्हा मोजू."

रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत आम्ही बाहेर त्या रुंद खुर्च्यांवर बसलो. मधे एक खुर्ची मोकळी सोडून. इटू कागदी पेला दोन्ही हातांनी धरून घोट घोट पीत होती. समोर पाण्याचं यंत्र होतं, त्यात मधून मधून बुडबुडा वर यायचा.

"चोरून खाल्लं म्हणून का सांगितलंस?" मी विचारलं.

"असंच."

"खाल्लं होतंस?"

"नाही."

"मग?"

तिनं खांदे उडवले. तिच्या आवाजात राग असता तर मला झेपलं असतं. तसं काहीच नव्हतं, जशी ती गणित समजावून सांगते तशी म्हणाली, "नाही म्हटलं की तू विचारतच राहतेस. हो म्हटलं की लवकर संपतं."

मी पदराला हात पुसत बसले. हात कोरडेच होते.

"आणि तो बिस्किटांचा पुडा?"

"तो तूच खाली नेलास. इस्त्रीवाले काका आले होते ना, त्यांना चहाबरोबर दिलास."

आठवलं. काउंटरवर तो फोडतानाचा आवाजसुद्धा आठवला. "मग मला सांगायचं नाही का गं?"

"तेव्हा मलाही माहीत नव्हतं. दोन दिवसांनी खाली रिकामं वेष्टन दिसलं."

"तेव्हा सांगायचंस!"

"तेव्हा तू हसत होतीस," इटू म्हणाली. "बऱ्याच दिवसांनी."

रिपोर्ट ठीक आला. देवानं सांभाळलं म्हणायचं, मी तर सांभाळलं नव्हतं. घरी जाऊन इटूच्या बाबांना सगळं सांगितलं. त्या संध्याकाळी त्यांनी ते जाड स्वेटर उचललं आणि जुन्या कपड्यांच्या पेटीत टाकलं. त्यानंतर ते घातलेलं मी पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा मशीन. किलोचा आकडा त्या दिवसापेक्षा वर गेला होता आणि मापवाली ताई मात्र खुशीत होती. चरबी उतरली होती, चांगली उतरली होती. अंगातलं मांस जागच्या जागी होतं. "औषध मस्त लागू पडलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि हिनं मन लावून पाळलंय सगळं, तीन महिने. एवढं फार कमी मुलांना जमतं." इंजेक्शन चालू राहणार होतं. इटूच्या मानेवर वाकून त्यांनी बघितलं, तो पट्टाही जरा फिका झाला होता, न घासता.

इटू हसली. मीही हसले, पण मला तो कागद बघवेना. तीन महिने पोरगी एका शब्दानं खोटी नव्हती. तिनं खोटं काय सांगितलं असेल तर ते मीच तिच्याकडून काढून घेतलेलं 'हो', आणि मला झाकायला म्हटलेलं 'तहान नव्हती'.

घरी आल्या आल्या मी कपाटाचं कुलूप काढलं. किल्लीसकट ते भंगाराच्या डब्यात टाकलं, इटूच्या समोर, तिला दिसेल असं. "आजपासून हे उघडं," मी म्हटलं. "तुला कुणी काही विचारणार नाही. मी तर नाहीच." जरा मोठ्यानंच म्हटलं. मला वाटलं, झालं, एवढं तरी फेडलं आपण.

"बरं," इटू म्हणाली.

दुपारी मी काउंटरवर होते. एक गिऱ्हाईक गाठोडं सोडत होतं, मी काटा सरळ करत होते. इटू जिना उतरून खाली आली आणि मशिनांच्या खोलीच्या दाराशी थांबली. हातात रिकामा पेला होता. वर स्वयंपाकघरात नळ आहे, तो सोडून ती खाली आली होती.

"आई," ती म्हणाली, "पाणी पिऊ?"

गिऱ्हाईक माझ्याकडे बघायला लागलं. मी गाठोडं तसंच सोडलं, तिच्या हातातून पेला घेतला आणि मागच्या नळावर काठोकाठ भरला. "पी बाळा. विचारतेस काय? हवं तेवढं पी."

तिनं पेला तोंडाला लावला. पिता पिता ती पेल्याच्या कडेवरून माझ्या तोंडाकडे बघत होती, कुठे थांबायचं ते कळावं म्हणून.